भुरीची आई

पडद्यावर नदीला पूर आला होता आणि पडद्याखालच्या अरुंद चौकटीत एक हिरवी रेघ संथपणे पुढं सरकत होती. रेवती सबनीसला आता त्याची सवय झाली होती. एक डोळा चित्रपटावर, दुसरा रेघेवर. बालचित्र परीक्षण केंद्रात बालमानसतज्ज्ञ म्हणून तिनं अशा रेघा इतक्या पाहिल्या होत्या की नुसत्या रेघेवरून तिला गोष्ट ओळखता आली असती.

पाणमांजराची आई मासेमारीच्या जाळ्यात अडकली. तिच्या पोटाशी तिचं पिल्लू, भुरी. आईनं दातांनी जाळं कुरतडायला सुरुवात केली. भोक पडलं, पण ते पिल्लापुरतंच होतं. तिनं भुरीला नाकानं ढकलून बाहेर काढलं. भुरी पाण्यावर आली, खडकावर चढली, अंग झटकलं आणि मागं वळून पाण्याकडे बघत बसली. संगीत थांबलं होतं. गढूळ पाणी नुसतं वाहत होतं. मग भुरीनं एक मासा पकडून आणला, तो स्वतः न खाता खडकाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा बघत बसली.

रेघ पिवळी झाली, मग लाल. चौकटीच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथंच राहिली.

"बाप रे," यंत्र सांभाळणारा आसिफ तांबोळी हळूच म्हणाला. "एवढी वर कधीच गेली नव्हती, मॅडम."

आपले डोळे भरलेत हे आसिफला दिसू नये म्हणून रेवतीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

'ठसा' हा शब्द तोवर घरोघरी पोचला होता. लहान मूल दिवसभरात हजार गोष्टी बघतं, त्यांतल्या बहुतेक रात्रीतून पुसल्या जातात. थोड्या मात्र राहतात, आणि त्या जन्मभर राहतात. कुठल्या राहणार हे झोपेत ठरतं, पण त्याची चाहूल त्या क्षणीच लागते, असं संशोधकांना आढळलं होतं. मेंदूतला भावना सांभाळणारा बदामाएवढा भाग आणि त्याच्या शेजारचा आठवणी साठवणारा भाग एरवी आपापल्या लयीत चालतात. एखादा प्रसंग खोल गेला की काही क्षण दोघांची लय एक होते. मुलाच्या डोक्यावर मऊ टोपी घालून ही लय मोजता येऊ लागली. मग हजारो मुलांच्या मोजमापांवरून संगणकात एक मूल तयार झालं. केंद्रात सगळे त्याला 'बाळ' म्हणत. चित्रपट आधी बाळाला दाखवायचा. बाळाची रेघ हिरवी राहिली तर चित्रपट नऊ वर्षांखालच्या मुलांसाठी मोकळा. लाल झाली तर बंद. बंद म्हणजे खरोखरच बंद. मुलांच्या मनगटावर पट्टी असे. ती जवळ आली की बंद चित्रपट दाखवणारा घरातला पडदा आपोआप काळा होई; आणि मुलाच्या झोपेत खोल ठसा आढळला की ती लाल होऊन बालसुरक्षा कक्षाला कळवी.

हा कायदा आला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. त्यानंतर मुलांची दुःस्वप्नं कमी झाली होती, अंथरुणं ओली होणं कमी झालं होतं. ते खरंही होतं.

"आसिफ, एक सांग," चित्रपट संपल्यावर रेवतीनं विचारलं, "हा ठसा भीतीचा आहे की आणखी कशाचा, हे बाळाला कळतं का?"

आसिफ हसला. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. ठसा म्हणजे ठसा. किती खोल, एवढंच. कशाचा, ते नाही कळत."

तिला ते माहीतच होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत सगळ्यात खोल ठसा उमटलेली एक मुलगी, हत्तीच्या पिल्लाचा चित्रपट बघून ओक्साबोक्शी रडली होती. पुढं ती आठवीत असताना रेवतीला भेटली तेव्हा म्हणाली, "तो सिनेमा? तो माझा सगळ्यात लाडका." रेवतीनं बैठकीत ते सांगितलंही होतं. पण कायद्याला एक आकडा हवा होता, आणि लाडकेपणाचा आकडा कुणाकडेच नव्हता.

चित्रपटाचे दिग्दर्शक सर्जेराव इंगवले दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून आले. साठीचा माणूस, बोटांना अजून शाईचे डाग. चित्रं हातानं काढणारे आता फारसे कुणी उरले नव्हते. रेवतीनं त्यांना रेघ दाखवली, नियम समजावून सांगितला. ते ऐकत होते, पण रेघेकडे बघत नव्हते.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"तुम्हाला रडू आलं का न्हाई?"

"माझ्या रडण्याचा प्रश्न नाहीये, इंगवलेसाहेब."

"मग कुणाच्या रडण्याचा हाय? त्या डब्यातल्या बाळाच्या?" ते खुर्चीत पुढं सरकले. "माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा असंन. मला मामाच्या गावाला नेऊन सोडलं. कुणी काय सांगितलंच न्हाई. मी आपला रोज स्टँडवर जाऊन बसायचो. येणारी प्रत्येक गाडी बघायचो. कुणीतरी मला एकदा सांगायला पायजे होतं, मॅडम. ते सांगायला हा सिनेमा काढलाय."

"तुम्ही एवढंच करा," रेवती म्हणाली. हे वाक्य तिनं अनेकांना ऐकवलं होतं. "आई पुढं दुसऱ्या काठाला पाण्यातून वर येते असं दाखवा. एक दृश्य बदललं की प्रमाणपत्र मिळेल."

"आई वर आली तर भुरी एकटीनं समुद्रापर्यंत कशाला जाईल? पुढचा सगळा सिनेमा त्याच्यावरच उभा हाय की." ते थांबले. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "तुम्हाला लेकरू हाय?"

"आहे. पाच वर्षांचा मुलगा."

"त्याला दाखवा. मग तो काय म्हणतो त्यावर ठरवा. माझा स्टुडिओ इथंच कोथरूडला एका मित्राच्या घरी मांडलाय. तिथला पडदा जुना हाय, पट्टी-बिट्टी ओळखत न्हाई."

रेवतीनं त्यांना नियम सांगून वाटेला लावलं. पण 'त्याला दाखवा' हे वाक्य तिच्याबरोबर घरी आलं.

घरी तेव्हा एक वेगळंच नाटक चालू होतं. तिचे सासरे, अण्णा, आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राला बांधलेले होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून सगळी हयात कृष्णेच्या काठाकाठानं गेलेला हा माणूस आता खाटेपासून खिडकीपर्यंत गेला तरी धापा टाकत होता. फुप्फुसं आतून वाळत चालली होती. डॉक्टरांनी रेवतीच्या नवऱ्याला, शिरीषला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की अण्णा हा पावसाळा काढणार नाहीत. शिरीष बाहेर आला आणि अण्णांना म्हणाला, "औषध बदललंय. आता महिन्याभरात फिरायला जाल." तेव्हापासून घरात सगळ्यांनी तेच बोलायचं असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"निहारला तरी सांगायला हवं, शिरीष," रेवती म्हणाली होती. "तो दिवसभर त्यांच्या खोलीत असतो."

"काय सांगणार? आणि कशासाठी? त्याची पट्टी लाल करायची आहे का तुला?"

पाच वर्षांच्या निहारला मरण म्हणजे काय हे खरंच माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? त्यानं पाहिलेल्या एकाही गोष्टीत कुणी मेलं नव्हतं. गच्चीत कबूतर मरून पडलं होतं तेव्हा तो ते उचलून आत घेऊन आला आणि म्हणाला, "आई, याला चार्जिंगला लावू या?" शिरीष हसला होता. रेवतीलाही आधी हसू आलं, मग ते मधेच विरलं.

त्या शनिवारी तिनं निहारला कोथरूडला नेलं. त्याच्या मनगटावरची पट्टी काढून पर्समध्ये टाकली. इंगवल्यांनी खिडक्यांना चादरी लावल्या, निहारला मधल्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः दाराशी उभे राहिले.

पूर आला तेव्हा निहार खुर्चीच्या कडेवर येऊन बसला. जाळ्याला भोक पडलं तेव्हा त्यानं टाळी वाजवली. भुरी खडकावर बसली.

"आई कधी येणार?" त्यानं विचारलं.

रेवतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, तिची आई वर का येत नाहीये?"

भुरीनं मासा आणून ठेवला. निहार त्या माशाकडे बघत राहिला. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि तो रडू लागला. हट्टाचं रडणं रेवतीला माहीत होतं, पडल्याझडल्याचंही. हे तिनं पूर्वी ऐकलेलं नव्हतं. ते खोलवरून येत होतं आणि थांबत नव्हतं. तिनं त्याला मांडीवर ओढून घेतलं. इंगवले पुढं झाले तेव्हा, "बंद करू नका," असं म्हणाला तो निहारच.

पुढचा अर्धा चित्रपट त्यानं आईच्या दंडाला घट्ट धरून पाहिला. भुरी नदी उतरत समुद्रापर्यंत गेली, वाटेत मगरीला चुकवलं, एका लंगड्या बगळ्याशी भांडली, हसली. शेवटी निहारही हसला. गाडीत बसल्यावर त्यानं एकच विचारलं, "सगळ्यांचं असं होतं?"

"हो," रेवती म्हणाली. हे बोलताना आपला आवाज स्थिर राहिला याचं तिला नवल वाटलं.

संध्याकाळी शिरीष औषधं आणायला गेला होता. रेवती चहा घेऊन अण्णांच्या खोलीशी आली आणि दारातच थबकली. निहार खाटेवर चढून बसला होता आणि अण्णांना भुरीची सगळी गोष्ट हातवारे करून सांगत होता. जाळं, भोक, खडक, मासा.

"मी पाहिलीयत पाणमांजरं," अण्णा म्हणाले. "सांगलीच्या अलीकडं, बंधाऱ्याखाली. शिट्टी मारतात एकमेकांना."

"आजोबा, तुमचं पण तसंच होणार आहे का? भुरीच्या आईसारखं?"

अण्णांनी नाकावरची नळी जरा सारखी केली.

"होय रे राजा. माझं तसंच होणार आहे."

"लवकर?"

"बहुतेक लवकरच."

निहारचे डोळे भरले. त्यानं अण्णांच्या छातीवर डोकं ठेवलं, मग त्यांना दुखेल म्हणून उचललं, आणि त्यांचा हात गालाशी धरला. "मग मी रोज येऊन बसतो," तो म्हणाला. "शाळेतून आल्यावर आधी इकडेच येतो."

अण्णांनी मान वर केली तेव्हा त्यांना दारातली रेवती दिसली. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैलावला होता. "पोरी," ते म्हणाले, "या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस निघालं."

पुढचे काही दिवस रेवतीला त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस वाटले. निहार शाळेतून आला की दप्तर टाकून थेट आत जाई. अण्णा त्याला नदीच्या, पुराच्या, बंधाऱ्याच्या गोष्टी सांगत. मधूनच तो रडे, मधूनच दोघं शिट्टी मारायचा प्रयत्न करत आणि अण्णांना खोकल्याची उबळ येई. रात्री मात्र निहार दचकून उठत होता. रेवती त्याच्याजवळ झोपत होती आणि झोपताना त्याची पट्टी काढून ठेवत होती. ठसा झोपेत पक्का होतो आणि नाडीच्या चढउतारावरून पट्टीला तो ओळखता येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आठवडाभर निभावलं की आकडा उतरेल, असा तिचा हिशेब होता.

एकदा ती केंद्रात उशिरापर्यंत अडकली. निहारला शिरीषनं झोपवलं, आणि पट्टी टेबलावर दिसली म्हणून चांगल्या मनानं त्याच्या मनगटावर चढवली.

सकाळी शाळेतून निरोप आला, दुपारी बालसुरक्षा कक्षातून. संध्याकाळी शिरीष सोफ्यावर बसून होता, फोन हातात, चेहरा पांढराफटक.

"त्यानं सगळं सांगितलं मला," तो म्हणाला. "कोथरूडचा पडदा. भुरी. आणि अण्णा मरणार आहेत, हेही त्यानंच मला सांगितलं. पाच वर्षांच्या पोरानं, रेवती! माझ्या बापाच्या मरणाची बातमी मला!"

"तुला माहीत होतं ते, शिरीष."

"मला माहीत होतं. अण्णांना नव्हतं!"

"त्यांनाही होतं. फक्त तू त्यांना बोलू देत नव्हतास."

तो उठला. तो मारेल की काय असं तिला वाटण्याइतका जवळ आला, आणि मग तसाच खोलीबाहेर निघून गेला. त्या घरात त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलू लागले.

चौकशी केंद्रातच झाली. संचालक वर्तकबाई मध्ये, कक्षाचे दोन अधिकारी बाजूला, मागच्या रांगेत इंगवले. त्यांच्या चित्रपटाच्या निर्मात्या कंपनीचा वकीलही होता. भिंतीवर निहारच्या झोपेची रेघ मोठी करून लावली होती. बाळाच्या रेघेशी ती इतकी जुळत होती की आसिफनं नजर खाली घातली.

वर्तकबाई वाईट नव्हत्या. सुनावणीआधी त्यांनी रेवतीला बाजूला घेतलं होतं. "हे बघ, तू दोन गोष्टी म्हणू शकतेस. एक, चित्रपट घातक निघाला, तुझा अंदाज चुकला, तुला पश्चात्ताप आहे. मग ताकीद देऊन सोडता येईल. दुसरी, मूल रडलं ते चांगलंच झालं. पण मग तू आपल्या पोटच्या पोरावर जाणूनबुजून प्रयोग केलास असं होतं. निहार तुझ्याकडे राहणार नाही, रेवती. शिरीषनं तसा अर्ज तयार ठेवलाय."

अधिकाऱ्यानं विचारलं, "बालमानसतज्ज्ञ म्हणून तुमचं मत सांगा. मुलाला झालेला त्रास या चित्रपटामुळे झाला का?"

रेवतीला खूप सांगायचं होतं. तो भुरीसाठी रडला नाही, आजोबांसाठी रडला, आणि वेळेवर रडला, हे सांगायचं होतं. खाटेवर गालाशी धरलेला हात सांगायचा होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"हा चित्रपट लहान मुलांना योग्य आहे का?"

"नाही."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा इंगवले जिन्यात उभे होते. ते रागावतील म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं. ते म्हणाले, "पोरगं तुमच्यापाशी राहिलं न्हवं? मग झालं." आणि जिना उतरून गेले. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

एरवी 'नऊ वर्षांवरील' एवढाच शेरा मिळू शकला असता असा तो चित्रपट आता मूळ रूपात कुठंच दाखवायचा नाही असं ठरलं. खऱ्या मुलाचा पुरावा मिळालेला तो पहिलाच चित्रपट होता. इंगवल्यांनी आपलं नाव काढून घेतलं. कंपनीनं ते दृश्य यंत्राकडून एका दुपारात बदलून घेतलं. नव्या चित्रपटात जाळं तुटतं, आई खोकत खोकत वर येते, दोघी खडकावर बसून मासा वाटून खातात. बाळाची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी राहिली.

राहिला प्रश्न निहारचा. कक्षानं त्याच्यासाठी 'शमन' सुचवलं. जुनी आठवण पुन्हा जागी केली की काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते. त्या वेळात तिच्यात दुसरं काही मिसळलं तर वाळताना ती त्याच्यासकट घट्ट होते. म्हणून मुलाला तो प्रसंग आठवायला सांगायचा, लगेच बदललेला प्रसंग दाखवायचा, आणि त्यानंतरच्या गाढ झोपेत ठरावीक लयीचा मंद आवाज ऐकवायचा. काही बैठकांत मूळ आठवणीची धार जाते. दुखत नाही, औषध नाही.

"त्या आठवणीला चिकटलेल्या बाकीच्या आठवणींचं काय होतं?" रेवतीनं शमन करणाऱ्या ताईंना विचारलं. तिलाच ते पाठ होतं, तरी विचारलं.

"थोड्याफार बोथट होतात," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पण मूल शांत झोपतं, हे महत्त्वाचं ना?"

दोन्ही पालकांची सही लागत होती. शिरीषनं केली आणि पेन तिच्यापुढं धरलं. "रात्री तीनदा उठतो तो," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच थकलेला होता. "तुला बघवतं?"

तिला बघवत नव्हतं. तिनं सही केली.

निहार आठवडाभरात शांत झोपायला लागला. शाळेतून आला की दप्तर टाकून तो बैठकीतच खेळायला बसे. अण्णांच्या खोलीत जायचं नाही असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते आता सुचतच नव्हतं.

"पोरगं दिसलं नाही चार दिवस," अण्णा म्हणाले.

"शाळेत गॅदरिंग आहे, अण्णा. तालमी चालल्यात," रेवती म्हणाली. आता तीही घरातल्या त्या नाटकात सामील झाली होती.

शेवटी ती निहारला हाताला धरून आत घेऊन गेली. अण्णा उशांना टेकून अर्धवट बसले होते. एकेका शब्दामागं श्वास घ्यावा लागत होता, तरी चेहरा उजळला.

"ये रे राजा. भुरीचं सांगत होतास ना मला. ती एकटी निघाली, मग पुढं?"

"एकटी नाही. आईबरोबर."

"आई तर जाळ्यात राहिली ना?"

"नाही, आजोबा." निहार समजूत घालावी तसं बोलला. "ती वर आली. थोडी घाबरली होती, बस. मी बघितलंय."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर उचलून रेवतीकडे पाहिलं. तिनं ती नजर पेलायचा प्रयत्न केला आणि तिला जमलं नाही.

"हो का?" अण्णा म्हणाले. "मग बरं झालं की."

"मी खेळायला जाऊ?"

"जा बाळ."

तो उड्या मारत गेला. रेवती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. अण्णांनी बराच वेळ डोळे मिटून श्वास गोळा केला.

"मी सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. "नीट ऐकलं होतं त्यानं. समजलं होतं त्याला सगळं." पुन्हा श्वास. "आता परत सांगायला दम नाही, रेवती."

त्या आठवड्यातच अण्णा गेले. दवाखान्यात, नळ्यांमध्ये. शेवटपर्यंत शिरीष त्यांना महाबळेश्वरला न्यायचं सांगत होता आणि ते मान डोलवत होते. स्मशानातून परत आल्यावर तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिला. "काहीच बोलले नाहीत गं ते माझ्याशी," तो म्हणाला. "एक शब्द नाही. शेवटचं काहीतरी बोलतात ना लोक." रेवतीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. अण्णा कुणाशी काय बोलले होते ते त्याला सांगून आता काही उपयोग नव्हता.

पाहुणे पांगल्यावर ती निहारच्या खोलीत गेली. तो जमिनीवर ठोकळ्यांचा पूल बांधत होता. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि यावेळी तिनं शब्द चघळले नाहीत.

"निहार, आजोबा मेले. आता ते परत येणार नाहीत. कधीच नाही."

त्यानं ऐकून घेतलं. एक ठोकळा नीट बसत नव्हता, तो काढून दुसरा लावला.

"बरं," तो म्हणाला.

"तुला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"हो. आजोबा येणार नाहीत." त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीच हललं नव्हतं. घरात दूध संपलंय म्हटल्यावर बघावं तसा तो बघत होता. मग त्याला दिसलं की आई रडतेय. तो गोंधळला. उठून जवळ आला, तिच्या मनगटाला धरून त्यानं हात उलटसुलट करून पाहिला.

"तुला पट्टी नाहीये?" तो काळजीनं म्हणाला. "तू पण ताईंकडे जा ना, आई. त्या एक सिनेमा दाखवतात आणि झोपवतात. अजिबात दुखत नाही." त्यानं तिच्या गालावरचं पाणी तळहातानं पुसलं. "आणि मग काहीच राहत नाही."